लेकरू घरी आलं, आता आशाताईला आत येऊ द्या

"बारसं झाल्यावर या ताई. अजून सोयर फिटलं नाही."

उंबऱ्यावर उभं राहून हे वाक्य मी ३१ वर्षांत किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब नाही. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे आणि आजीही झाले आहे. खोलीच्या दाराला गोधडी लावलेली, आत ओव्याची धुरी, बाजेखाली शेगडी. बाहेर ओट्यावर आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, झोळी-काटा घेऊन ताटकळत बसलेली. घरातलं कुणी वाईट नसतं. रीत असते, तेवढंच.

अडचण अशी की बारसं बाराव्या दिवशी, आणि घरी येऊन बाळ-बाळंतीण तपासायच्या सरकारी भेटींतल्या सगळ्यात मोलाच्या दोन भेटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. जन्मल्यापासून महिनाभरात जी लेकरं दगावतात, त्यातली चारातली तीन पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणजे ज्या आठवड्यात आपण दार लावून घेतो, तोच आठवडा बघण्याचा असतो.

पहिल्यांदा आईबाप होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. खरं तर त्यांच्या आयांसाठी आणि सासवांसाठी जास्त, कारण आपल्याकडं दार उघडायचं की नाही हे त्याच ठरवतात.

घरी येते ती कोण?

लोक सरसकट "नर्स आली" म्हणतात. बहुतेक भेटींना येते ती आशा. ती नर्स नसते. साधारण हजार वस्तीमागं एक अशी ती गावातलीच बाई असते, बहुतेक वेळा गावची सूनच. नवजात बाळ कसं तपासायचं याचं तिला प्रशिक्षण मिळालेलं असतं. नर्स म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका. तिच्याकडं साधारण पाच हजार वस्ती, किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागात तीन हजार. लेकरू कमी वजनाचं असेल, आशाला काही खटकलं असेल, तर आरोग्यसेविका सोबत येते. आता उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर अशा पाट्या लागल्यात आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही बसतात. गावात मात्र अजून सगळे "सेंटर"च म्हणतात.

"आशा काय तपासणार, ती काय डॉक्टर आहे?" हा प्रश्न मला शिकल्या-सवरल्या घरांत जास्त ऐकू आला. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढं २०११ मध्ये केंद्र सरकारनं हीच पद्धत देशभर आशांमार्फत लागू केली. कागदोपत्री तिचं नाव एचबीएनसी. आशाताईच्या तोंडी "एचबीएनसीची भेट" ऐकलंत तर ती हीच.

पैसे एक रुपयाही द्यायचे नाहीत. पिवळं-केशरी रेशनकार्ड, जात, उत्पन्न काही विचारलं जात नाही. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं असो की खाजगीत, भेट सगळ्यांना. भेटी पूर्ण झाल्यावर आशाला सरकारकडून एकूण २५० रुपये मिळतात, तेही जन्माचं वजन कार्डावर असेल, जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या असतील तर. त्यामुळं ती जन्मदाखल्यासाठी तुमच्या मागं लागली तर वैतागू नका. चहा विचारला तर ती नको म्हणेल, पण विचारा.

सातव्या महिन्यातच पत्ता सांगून ठेवा

भेट चुकायचं सगळ्यात मोठं कारण आळस नाही. पत्ता आहे.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी झालेली असते सासरी, समजा औसा तालुक्यात. लेक सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी येते गंगाखेडकडं. बाळंतपण होतं तिसऱ्याच गावच्या दवाखान्यात. औशाची आशा समजते ती माहेरी गेली. गंगाखेडकडच्या आशाला ती आल्याचंच ठाऊक नाही. दोघींच्याही वहीत लेकरू नाही. मी बघितलेल्या चुकलेल्या भेटींतल्या निम्म्याहून जास्त अशाच चुकल्या.

म्हणून माहेरी पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत लेकीच्या आईनं स्वतः आशाताईला गाठावं. कार्ड दाखवावं. ते माता-बाल कार्ड, ज्यावर तपासण्या आणि लसी लिहितात. त्यावर नोंदणी क्रमांक असतो, तो तिला उतरून घेऊ द्यावा. तारीख कधीची दिली आहे, कोणत्या दवाखान्यात जाणार, तिथून परत कुठल्या घरी येणार, एवढं सांगावं. फोन नंबर दोन द्यावेत, एक जावयाचा आणि एक अशा माणसाचा जो दिवसा घरी असतो. जावयाचा नंबर बहुतेक वेळा "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" असतो, हा माझा अनुभव.

आशा कोण हे माहीत नसेल तर अंगणवाडीत विचारा. अंगणवाडीताईला गावातली प्रत्येक गरोदर बाई पाठ असते.

दवाखान्यातून निघताना

सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं तर किमान ४८ तास थांबायचं असतं. घाई करू नका. "म्हशीची धार कोण काढील" म्हणून दहा तासांत बाळंतीण घरी नेणारे मी बघितलेत.

निघण्याआधी कार्ड उघडून बघा. जन्माचं वजन ग्रॅममध्ये लिहिलंय का? हा आकडा नसेल तर पुढचं प्रत्येक वजन लंगडं, कारण तुलना कशाशी करणार? बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि कावीळ-ब ची लस दिली का? कावीळ-ब ची ती लस पहिल्या २४ तासांतच द्यायची असते, राहिली तर राहिली. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. सरकारी दवाखाना ती स्वतःच करतो, तरी विचारून घ्या. घरी सोडायला १०२ ची गाडी फुकट असते. ती मागावी लागते, आपोआप दारात येऊन उभी राहत नाही.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी आशाताईला फोन. "आलो आम्ही." बस्स, एवढंच.

भेटींचे दिवस

दवाखान्यात साधं बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरीच बाळंत झाली तर पहिल्याच दिवशी एक जादा भेट, म्हणजे सात. सिझर झालं असेल तर तिसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यातच असता, मग ७ व्या दिवसापासून पाच भेटी. लेकरू काचेच्या खोलीत, म्हणजे एसएनसीयूत ठेवलेलं असेल तर सुट्टी मिळून घरी आल्यापासून भेटी सुरू होतात. अशा लेकराकडं तर दुप्पट लक्ष लागतं.

कॅलेंडरवर या तारखांना गोल करा. पंचांग बघून नाही, जन्मतारखेवरून.

भेटीत काय होतं

माझ्याच घरची भेट सांगते.

माझी लेक जानेवारीत बाळंत झाली. नात २ किलो ४०० ग्रॅमची. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचीच. आमचं मागचं घर पत्र्याचं, रात्री पत्रा असा गार पडायचा की तांब्यातलं पाणी दातांना झोंबावं. तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आली. वयानं माझ्या लेकीएवढी, आणि मला बघून जरा बिचकलेली. "मावशी, तुमच्यासमोर मी काय तपासू?" म्हणाली.

आधी तिनं हातातल्या बांगड्या वर सरकवल्या, साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले आणि ते कशालाही न पुसता वाळू दिले. मग खिडकी उघडायला लावली. उजेडाशिवाय कावीळ दिसत नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीत उजेड सोडून सगळं असतं. लेकरू झोपलेलं होतं तेच बरं झालं. श्वास शांत असतानाच मोजायचे असतात. टायमर लावून तिनं पोटाची वरखाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट मोजली. ४४ भरले. साठ किंवा त्याहून जास्त भरले असते तर तिनं पुन्हा मोजले असते, आणि तरी तेवढेच आले असते तर थेट दवाखाना.

मग तिनं हाताची मागची बाजू आधी पोटाला आणि नंतर तळपायाला लावली. दोनदा लावली.

"मावशी, पोट कोमट हाय, पाय गार लागायलेत."

मी म्हटलं, आत्ताच अंघोळ घातलीय म्हणून असतील. तिनं माझ्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुनांना सांगत आले की कमी वजनाच्या लेकराला आठवडाभर तरी अंघोळ घालू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि माझ्या घरी विहीणबाई आल्या, "आमच्यात तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालतात" म्हणाल्या आणि मी गप्प बसले. काखेत थर्मामीटर लावला, ९७ भरला. नवजात बाळाचं अंग ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असावं, म्हणजे साडेछत्तीस ते साडेसदतीस सेल्सिअस. फार खाली नव्हता, पण खाली होता.

तिनं लेकराचे कपडे काढले, टोपी आणि लंगोट ठेवला आणि लेकीच्या उघड्या छातीवर उभं बिलगवून वरून शाल गुंडाळली. कांगारू पद्धत. अर्ध्या तासानं पाय कोमट झाले. शेगडीनं खोली तापते, आईच्या अंगानं लेकरू तापतं.

पुढं झोळीत घालून वजन. आधी रिकामी झोळी काट्याला टांगून काटा शून्यावर आणायचा, मग लेकरू. २ किलो ३००. लेकीचे डोळे भरले, "कमी झालं?" पहिल्या चार-पाच दिवसांत जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते भरून निघतं. हे आशाताईनं आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

नाळ बघितली, डोळे बघितले, मानेच्या घड्या आणि जांघा बघितल्या, कुठं पुवाळलेले फोड आहेत का म्हणून. लेकीला पाजायला लावलं आणि नुसतं बघत बसली. तोंड मोठं उघडलंय का, नुसतं बोंडच नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेलाय का, हनुवटी छातीला टेकलीय का. शेवटी लेकीची विचारपूस: ताप, अंगावरून जाणं किती, वास येतो का, छाती दगडासारखी झालीय का, टाके दुखतात का. पाऊण तास गेला.

तुमच्याकडं भेट दहा मिनिटांत आटोपली आणि लेकराचे कपडेच काढले नाहीत, तर ती भेट झाली असं धरू नका. विनंती करा, "ताई, वजन तेवढं करून जा."

तुम्ही तयार ठेवायचं ते थोडकंच: साबण आणि पाणी, एक धुतलेला मऊ कपडा, कार्ड, आणि घरात ज्याचा शब्द चालतो तो माणूस. सुनेला एकटीला सांगून उपयोग नसतो. आशाताई गेल्यावर सासूबाई म्हणतात, "तिचं ऐकू नको," आणि पोर मधल्या मध्ये अडकते. सासूबाईंनाच समोर पाटावर बसवा.

ती काय नको म्हणेल आणि का

इथं भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

मध चाटवू नका. घरचा, आग्या मोहळाचा, शंभर टक्के शुद्ध असला तरी. मधात काही बीजाणू असू शकतात, वर्षाखालच्या लेकराच्या आतड्यात ते विष तयार करतात. मोठ्यांना काही होत नाही, म्हणून आपला विश्वास बसत नाही. घुटी, साखरपाणी, ग्राइपवॉटर, उन्हाळ्यात साधं पाणी, सहा महिने काहीच नको. आईच्या दुधात पाणी असतंच. मे महिन्यात लातूर-नांदेडकडं पारा ४२ च्या वर गेला तरी असतं. दूध पुरतंय का हे मोजायचं तर लंगोट मोजा. पहिला आठवडा सरला की दिवसरात्रीत सहा वेळा तरी शू झाली पाहिजे.

पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकू नका. तासाभरात लेकराला छातीशी लावा.

नाळेवर काही नाही. हळद नाही, तेल नाही, राख नाही, पावडर नाही. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, आपोआप गळून पडते. कानात-नाकात तेलाचे थेंब नकोत. काजळ डोळ्यांत नको. तीट कानामागं किंवा तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही लागत नाही.

धुरी आणि शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, यात तडजोड नाही. उन्हाळ्यात तर उलटंच होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तीन गोधड्यांत गुंडाळलेलं लेकरू तापानं फणफणलं म्हणून मी धावत गेलेय. गोधड्या काढल्या, खोली बदलली, पाजलं, ताप उतरला. तरी दवाखान्यात दाखवलंच, कारण नवजात बाळाचा ताप अंदाजावर सोडत नाहीत.

मालिश चालेल, हलक्या हातानं, आईनं किंवा आजीनं केलेली. उलटं धरून झटकणारी नको. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी, खारीक-खोबरं, सगळं बाळंतिणीला द्या, वर डाळ आणि अंडीही द्या. मात्र "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणून तिचं पाणी तोडू नका. पाजणाऱ्या बाईला तहान लागते.

आणि पाचवी पुजा की. सटवाईसाठी पाटावर वही-पेन ठेवा. ती कपाळी लिहिते म्हणतात, आशाताई कार्डावर लिहिते. दोघींनाही लिहू द्या.

भेटीची वाट बघायची नाही अशा गोष्टी

लेकरू दूध ओढत नसेल किंवा ओढायचं अचानक थांबलं असेल. हातपाय लुळे पडलेत, हलवलं तरी नीट जागं होत नाही. अंग तापलंय, किंवा छातीशी धरूनही गारच राहतंय. श्वास भरभर, छाती आत ओढली जातेय, कण्हतंय. झटके. नाळेच्या भोवती लाली किंवा पू. यातलं एकही दिसलं तर आशाताईला फोन करा, पण ती येईपर्यंत थांबू नका. १०८ लावा.

कावीळीबद्दल वेगळं सांगते, कारण "कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा जरा पिवळसर होणं बऱ्याच लेकरांत दिसतं. पण पहिल्याच २४ तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा चौदा दिवस उलटूनही गेला नाही, तर उन्हानं भागत नाही. दवाखान्यात रक्त तपासून निळ्या लाइटखाली ठेवतात. कावीळ डोक्यात गेली तर लेकराला जन्माचं अपंगत्व येऊ शकतं. गळ्यात कावीळीची माळ घालून आठवडा घालवलेलं एक लेकरू मी पाहिलंय. त्याबद्दल यापुढं लिहवत नाही.

जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू असतो. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड ही आपल्या भागातली मोठी ठिकाणं. सरकारी दवाखान्यात वर्षापर्यंतच्या आजारी लेकराचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. वाटेत लेकरू गार पडू देऊ नका. आईच्या छातीला बिलगवून न्या, पिता येत असेल तर पाजत न्या.

बाळंतिणीचंही तसंच. तासाभरात पॅड किंवा घडी भिजून चिंब व्हावी इतकं जात असेल, थंडी वाजून ताप, घाण वास, डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढं अंधारी, झटके, तर लगेच १०८.

टोळीवर गेलेल्यांसाठी

बीडचे, आणि आता परभणी-जालन्याकडचेही, हजारो कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दसरा-दिवाळीला साखर कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. त्यात पोटुशी बाई असतेच. फडाशेजारच्या खोपीत जन्मलेल्या लेकराची वही कुणाकडं? गावच्या आशाकडं नाही, कारण ते गावात नाही. तिथल्या आशाकडं नाही, कारण ते तिथलं नाही.

तुमच्या टोळीत असं कुणी असेल तर चार गोष्टी करा. कार्ड पेटीत कुलूप लावून ठेवू नका, बाईजवळ असू द्या, आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. कागद भिजतो, फोटो राहतो. कारखान्याजवळच्या गावात पोचलात की तिथल्या उपकेंद्राचा पत्ता पहिल्याच आठवड्यात विचारा. लसीला आणि तपासणीला गावचं आधार लागतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लस कुठल्याही सरकारी केंद्रावर, कुठल्याही जिल्ह्यात, कर्नाटकात गेलात तर तिथंही, मोफत मिळते. आता सरकारच्या यू-विन पोर्टलवर मोबाइल नंबरनं लसींची नोंद राहते, म्हणून तोच नंबर चालू ठेवा. आणि गावच्या आशाताईला फोन करून सांगा, "अमक्या तारखेला पोरगी झाली, अमक्या कारखान्यावर हावोत." तिला तिथं येता येणार नाही, पण फोनवर तिसऱ्या-सातव्या दिवसाचे प्रश्न ती विचारू शकते. मी विचारायचे. मुकादमाच्या फोनवर विचारायचे.

ती आलीच नाही तर

आधी तिला फोन. सर्वे, पोलिओ, मीटिंगा, ऑनलाइन नोंदी यांत आशा पार बुडालेली असते. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी मोठे संप केले, तसा संपाचा काळ असू शकतो. मग उपकेंद्रावर आरोग्यसेविकेला सांगा, तिच्यानंतर आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. १०४ वर फोन करूनही माहिती आणि सल्ला मिळतो. पण तोवर दिवस घालवू नका. तिसरा किंवा सातवा दिवस असेल तर तुम्हीच लेकरू गुंडाळून उपकेंद्रावर न्या, तिथंही वजन होतं.

कुणी न तपासताच "सही करा" म्हणालं तर करू नका. गोड बोलून नाही म्हणा. एका गावात कागदावर सहाही भेटी झालेल्या आणि घरातल्या आजीला आशाचं नाव ठाऊक नाही, असंही मी बघितलंय. आणि चिखल तुडवत दीड कोस चालत वस्तीवर जाणाऱ्या आशाही बघितल्यात. जास्त त्याच.

शहरात राहत असाल तर आशा झोपडपट्टीच्या, दाट वस्तीच्या भागात फिरते. फ्लॅटची बेल ती वाजवेलच असं नाही. तिथं नागरी आरोग्य केंद्र शोधून स्वतः नोंद करायची.

कागदांचं एकच सांगते. पहिल्या लेकरासाठी मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. अर्ज आशाताईकडं किंवा अंगणवाडीत विचारा. खातं आईच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं, नवऱ्याचं चालत नाही.

बेचाळीस दिवसांनंतर

शेवटची भेट आणि दीड महिन्याच्या लसी जवळजवळ एकाच वेळी येतात. पेंटा, पोलिओ, रोटा, पीसीव्ही, आयपीव्ही. त्या रात्री अंग तापतं, मांडी सुजते. डोस किती द्यायचा ते विचारून तापाचं औषध घ्या, मांडीवर तेल चोळू नका. पुढचे डोस अडीच आणि साडेतीन महिन्यांना.

आशाचं येणं इथं संपत नाही. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही ती घरी येते. वाढ बघायला, सहाव्या महिन्यापासून वरचं खाणं कसं द्यायचं ते सांगायला, लोहाचं औषध आणि ओआरएसची पाकिटं द्यायला. नुसती वरणाच्या पाण्याची निवळ नको, वरण-भात घट्ट कुस्करून त्यावर तूप, हे ती तुम्हाला सांगेल आणि तुमच्या आजी नाही म्हणतील. पुन्हा पाट मांडा.

माझ्या नातीचं बेचाळिसाव्या दिवसाचं वजन ३ किलो ४०० भरलं. आशाताईनं झोळी घडी करून पिशवीत घातली, कार्डावर पुढच्या भेटीची एप्रिलची तारीख टाकली. जाताना विहीणबाईंनी तिला थांबवलं. त्यांच्या धाकट्या सुनेला सातवा लागला होता आणि ती दोन दिवसांत माहेरी, जिंतूरकडं निघाली होती. "तिकडची आशा कोण, ते तेवढं बघून सांगशील का गं?"

आशाताई पुन्हा ओट्यावर बसली आणि तिनं फोन काढला.